टायरची लायट पेटली? सेन्सरला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या दुकानात एकच गाऱ्हाणं चालू असतं. गाडी नवी, बॉनेटवरचा हार अजून पुरता सुकलेला नाही, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल टायरच्या खाचेत अडकलेली, आणि मालक उतरता उतरताच सांगतो, "पात्रांव, सेन्सर फॉल्टी आलाय."

गोव्यातल्या डिचोलीत टायरचं दुकान चालवून मला एकोणीस वर्षं झाली. पूर्वी लोक टायरला लाथ मारून हवा बघायचे. आता हवा कमी झाली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखी पिवळी खूण उमटते, आत उद्गारचिन्ह. ती पेटली की माणूस टायर सोडून बाकी सगळीकडे बघतो. शोरूमला फोन करतो, मोबाइलवर व्हिडिओ बघतो, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो. खाली वाकून चाक बघायचं मात्र राहून जातं. माझ्याकडे आलेल्या अशा 'फॉल्टी' गाड्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर ठणठणीत असतो. हवाच कमी असते.

तुमच्या गाडीत सेन्सर आहे तरी कुठे?

हे विचारलं की नव्या गाडीचे मालक गोंधळतात. यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी खराखुरा सेन्सर बसवलेला असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. अशा गाडीत स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसतात.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चाकांचा वेग मोजतात, तीच माहिती वापरली जाते. हवा कमी झालेलं चाक थोडं बसतं, त्याचा घेर लहान पडतो, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं. गाडी तेवढ्यावरून ओळखते. ही गाडी आकडे दाखवत नाही, नुसती लायट पेटवते. आणि तिला 'बरोबर हवा' म्हणजे किती, हे तुम्हीच रीसेट दाबून शिकवायचं असतं.

माझ्या डोक्याचा भुगा करणारी चूक इथेच आहे.

रीसेट म्हणजे लायट बंद करायचं बटण नव्हे

साखळीला माझा मावसभाऊ राहतो. त्याने दसऱ्याला नवी एसयूव्ही घेतली, दुसऱ्या प्रकारची. पहिल्याच आठवड्यात लायट पेटली. त्याने शोरूमला फोन केला, तिथल्या पोराने सांगितलं, "काही नाही सर, रीसेट दाबून धरा, जाईल." गेली. चार दिवसांनी पुन्हा पेटली. याने पुन्हा दाबलं. दिवाळीपर्यंत बाबाजींचा हात इतका सरावला की गाडी सुरू करताना सीटबेल्टआधी बोट त्या बटणावर जायचं. मला फोन केला तोही कशासाठी? "भाऊ, हा सेन्सर कायमचा बंद करता येतो का?" मी म्हटलं, गाडी घेऊन ये. "येतो रे रविवारी," म्हणाला. तो रविवार आलाच नाही.

उजव्या मागच्या चाकात स्क्रू घुसलेला होता. हवा रोज थोडी थोडी जात होती. गाडी इमानदारीने सांगत होती की एक चाक वेगळं फिरतंय. आणि हा दर चार दिवसांनी तिला शिकवत होता की बाई, हेच बरोबर, हेच धरून चाल. तीस पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचं एकक) रीसेट, मग सत्तावीसवर, मग चोविसावर. दर वेळी गाडीने नवं माप मान्य केलं. शेवटी मेव्हण्याला मोपा विमानतळावर सोडून रात्री परत येताना धारगळच्या पुढे गाडी एका बाजूला ओढायला लागली. थांबला तेव्हा टायर रिमवर बसला होता. मी दुसऱ्या दिवशी तो उघडला, तर आत काळ्या रबराचा चुरा, मूठभर. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, आतून पूर्ण घासून निघाली होती.

आता पुढची गंमत. डिकी उघडली तर स्टेपनी नाही! 2020 च्या ऑक्टोबरपासून नियम बदलला आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेच्या दाबाची यंत्रणा असेल आणि पंक्चरचं किट दिलेलं असेल, तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्या लायटच्या भरवशावर गाडीतून स्टेपनी काढली, तीच लायट हा महिनाभर दाबत बसला होता. किटमधली बाटली ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, भोकाला चालते, फाटलेल्या साइडवॉलला नाही. रात्री साडेअकराला टोइंगची गाडी. स्क्रूचं पंक्चर वेळेवर काढलं असतं तर दोन-तीनशे रुपयांत काम होतं.

माझी सवय सांगतो. लायट पेटली की आधी चारही चाकांची हवा गेजने (दाब मोजायच्या मीटरने) मोजायची, टायर थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याइतकी हवा भरायची. मग रीसेट, एकदाच. आठवड्याच्या आत पुन्हा पेटली तर बटणाला हात लावायचा नाही, गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायची आणि साबणाच्या पाण्याने व्हॉल्व्हसकट चाक तपासून घ्यायचं. एवढंच. पण एवढ्यासाठी दहा मिनिटं वाकावं लागतं, आणि दहा लाखांची गाडी घेतलेल्या माणसाला तेच जमत नाही.

या दुसऱ्या प्रकाराची एक मर्यादाही सांगून ठेवतो. चारही चाकांची हवा सारखीच कमी झाली तर नुसत्या वेगाच्या तुलनेवर चालणाऱ्या यंत्रणेला फरकच दिसत नाही. म्हणून लायट नाही म्हणजे हवा आहे, असं समजू नका. महिन्यातून एकदा गेज लावाच. स्वतःचं गेज घ्या. पंपावरचं गेज दिवसभर आपटलेलं असतं.

गरम टायरात हवा भरून चोर्ल्याला जाऊ नका

डिसेंबरात चोर्ला घाट चढून बेळगावला गेलेल्या गिऱ्हाइकाचा सकाळी सातला फोन येतो. ठरलेला. "पात्रांव, काल सगळं ठीक होतं, आज लायट पेटली. थंडीने सेन्सर गेला काय?"

सेन्सर जागच्या जागी आहे. तुम्ही काल दुपारी दोनला, पणजीहून गाडी हाणत येऊन, तापलेल्या टायरात हवा भरलीत. तीही खड्ड्यांत गाडी मऊ चालावी म्हणून दोन पीएसआय कमीच. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआय उतरतो. आपल्याकडचं दुपारचं तापलेलं टायर आणि बेळगावातली डिसेंबरची पहाट यांत तीस-पस्तीस अंशांचा फरक सहज पडतो. करा हिशेब. चोर्ला घाट चढल्यावर बाहेरची हवा विरळ होते, त्यामुळे गेजवर पीएसआयभर वाढलेला दिसतो, पण थंडीपुढे त्याचं काय चालणार!

हवा सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी किंवा पंप जवळ असेल तर दोन-तीन किलोमीटरच्या आत. टायर गरम असताना आकडा स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दिसला तर हवा सोडू नका. तो उष्णतेचा आकडा आहे, उतरेल.

टायरच्या बाजूवर 'मॅक्स' म्हणून छापलेला पीएसआयचा आकडा म्हणजे टायर सोसू शकेल तो कमाल दाब. तो भरून येणारे अजून भेटतात. आणि स्क्रीनवर 230 बघून घाबरलेले एक काका आठवतात. ते किलोपास्कल होतं, म्हणजे तेहतीस पीएसआय. मेनूत जाऊन एकक बदलून दिलं, काका हसत गेले.

चकाचक टोपणं

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि ही खास आपल्या किनाऱ्याची.

चाकातल्या सेन्सरचा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर कंपनी प्लास्टिकचं काळं टोपण देते. दिसायला गरीब, पण त्याला कारण आहे. लोकांना ते काढून टाकायची घाई. ऑनलाइन चमकणारी धातूची टोपणं मिळतात, कवटीची, गोळीच्या आकाराची. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम कुजतं. मोरजीपासून काणकोणपर्यंत हवेतच मीठ आहे, त्यात चार महिने पाऊस. टोपण व्हॉल्व्हला असं धरतं की हाताने सुटत नाही.

मोरजीचा एक पोरगा, होमस्टे चालवतो, गाडी रात्रंदिवस समुद्राच्या वाऱ्यात. जूनमध्ये टोपणं बसवली, नोव्हेंबरात हवा भरायला गेला. पंपावरच्या कोणीतरी पकड लावली आणि पिळली. टोपण, व्हॉल्व्हचा दांडा, सगळं हातात आलं. आतला सेन्सर निकामी, हवा फुस्स. नवा सेन्सर यायला आठवडा लागला. तोवर मी साधा रबरी व्हॉल्व्ह बसवून दिला. मग त्या चाकाचा आकडा स्क्रीनवर येईना, लायट लुकलुकायला लागली, तेव्हा पुन्हा फोन, "आता दुसरा पण गेला काय?"

प्लास्टिकचं टोपण ठेवा. हरवलं तर प्लास्टिकचंच घ्या. आतली व्हॉल्व्ह पिन बदलायची झाली तर निकेल चढवलेलीच मागा, साधी पितळी पिनही आत अशीच जाम होते. बाहेरून लावायचे ते सेन्सरवाले टोपण? ज्या गाडीत काहीच नाही तिला ठीक. नव्या गाडीत सेन्सर असताना त्यावर दुसरा सेन्सर कशाला?

लुकलुक वेगळी, पेटणं वेगळं

लायट पेटून सरळ तशीच राहिली तर हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकली आणि मग स्थिर झाली, तर यंत्रणेतच बिघाड. बहुतेक गाड्यांत हा संकेत असाच असतो, तुमच्या गाडीचं पुस्तक बघून घ्या. इथे मात्र सेन्सरवर संशय घ्या. पण त्याआधी आठवा: सेन्सर नसलेली स्टेपनी बसवली आहे का? नवे अलॉय घातले आणि जुनी चाकं सेन्सरसकट विकून टाकली आहेत का? हसू नका, असा एकजण गेल्या चवथीला आला होता. किटमधली चिकट बाटली ओतली आहे का? तो द्रव सेन्सरचं बारीक भोक बुजवू शकतो. काचेजवळ नवा स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम लावला असेल तर तो काढून एक फेरी मारून बघा, रेडिओ संदेशात अशा वस्तू खोडा घालतात.

सकाळी आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात म्हणून घाबरू नका. गाडी उभी असताना सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतो, चाकं फिरली की जागा होतो. वीस मिनिटं चालवूनही एकाच चाकाच्या रेघा जात नसतील तर मात्र खरोखर काहीतरी आहे.

चाकांची अदलाबदल केल्यावर स्क्रीन भलत्याच चाकाचा आकडा दाखवू शकते. काही गाड्या आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरने शिकवावं लागतं. माझी गावठी युक्ती: एका चाकातली पाचेक पीएसआय हवा सोडायची, थोडं चालवायचं आणि स्क्रीनवर कुठला आकडा पडतो ते बघायचं.

पंक्चरवाल्याला आत सेन्सर आहे हे आधी सांगा. टायर सोडवणाऱ्या मशीनचं पातं व्हॉल्व्हच्या बाजूला बसलं की आतलं प्लास्टिक तडकतं. सुरुवातीच्या काळात मीही एक फोडला आहे. गिऱ्हाईकाने सांगितलं नव्हतं, पण विचारायचं काम माझं होतं. पैसे मी भरले.

नायट्रोजन भरून लायट जात नाही. पुढे चला.

खरोखर सेन्सर गेला असेल तर नव्या गाडीला तो बाहेर उघडू देऊ नका, माझ्याकडेही नको. त्याची बॅटरी आत सीलबंद असते आणि साधारण पाच ते दहा वर्षं चालते. पहिल्याच वर्षी मेला तर वॉरंटीत मागायचा. लुकलुकणाऱ्या लायटचा व्हिडिओ, त्या दिवशीचे किलोमीटर, गेजने मोजलेले चार आकडे, एवढं घेऊन जा आणि जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या. 'रीसेट करून दिलं' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका, कुठल्या चाकाचा सेन्सर स्कॅनरला उत्तर देत नाही ते लिहायला लावा. स्वस्तात मिळतो म्हणून बाहेरदेशीचा सेन्सर मागवू नका. आपल्या गाड्या बहुधा 433 मेगाहर्ट्झवर ऐकतात, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या 315 वर. आकार सारखा, चुडी सारखी, आणि गाडीला ऐकूच येत नाही.

नुसती हवा तपासायची असेल तर या. दुकान साडेआठला उघडतं. वाळपईहून गाडी चालवून आलात तर मी लगेच गेज लावणार नाही, टायर थंड व्हायला दोनेक तास बसावं लागेल. शेजारी पातळ भाजी आणि पाव चांगला मिळतो, दहाच्या आत गेलात तर.