बायपासच्या पेशंटला एनटीजी चालवताना

नायट्रोग्लिसरीन, म्हणजे आपलं रोजचं एनटीजी, मुख्यतः शिरा सैल करतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, डाव्या कप्प्यातला दाब उतरतो आणि हृदयाचं काम हलकं होतं. आकसलेली कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त देणारी धमनी, तीही सैल पडते. पण डाव्या हृदयाला रक्त मिळतं ते मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडतं तेव्हा. बीपी फार पाडलं तर ज्या स्नायूला वाचवायचं तोच उपाशी राहतो. म्हणून ‘संरक्षण म्हणून सगळ्यांनाच थोडं चालू ठेवा’ ही सवय आम्हाला मान्य नाही. ईसीजीत एसटी बदल (हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण), छातीत दुखणं, चढलेलं बीपी किंवा ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली रक्तवाहिनी) आकसण्याची भीती, असं काही कारण हवं. डोस भूलतज्ज्ञ किंवा सर्जनच ठरवतील.

आधी अँप्यूल वाचा. 5 मिलीत 25 मिलिग्रॅम असेल तर ते 45 मिली 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घालून 50 मिलीची सिरिंज भरा. 1 मिलीत 500 मायक्रोग्रॅम झाले. पंपावर ताशी 1 मिली म्हणजे मिनिटाला साधारण 8 मायक्रोग्रॅम. सुरुवात मिनिटाला 5 ते 10 मायक्रोग्रॅमने, म्हणजे ताशी 0.6 ते 1.2 मिलीने. मग दर 3 ते 5 मिनिटांनी बीपी बघून 5 ते 10 मायक्रोग्रॅम वाढवा. 60 किलोच्या पेशंटला किलोमागे मिनिटाला 0.5 मायक्रोग्रॅम हवं असेल तर ताशी 3.6 मिली. लेबलवर औषध, प्रमाण आणि वेळ लिहा. आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली, सतत बीपी दाखवणारी नळी) नसेल तर कफचं बीपी दर 2-3 मिनिटांनी घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ नळीमुळे होतो. पीव्हीसीची (नेहमीच्या मऊ प्लास्टिकची) पिशवी आणि नळी एनटीजी शोषून घेते. पंपावर दिसतं एक आणि पेशंटला पोचतं दुसरंच. पॉलिथिलीनची प्रेशर लाइन वापरा. मधेच पीव्हीसी काढून अशी लाइन लावली तर त्याच वेगावर बीपी धाडकन पडू शकतं, म्हणून आधी वेग कमी करा. दुसरी चूक फ्लशची, म्हणजे नळीतलं औषध पुढे ढकलण्याची. लाइनमध्ये 1 मिली औषध उरलेलं असताना त्याच पोर्टमधून दुसरं इंजेक्शन ढकललं तर 500 मायक्रोग्रॅम एका दमात जातात. एनटीजीला स्वतंत्र ल्यूमेन (कॅथेटरमधली वेगळी वाट) ठेवा.

छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला येणारा पेशंट अनेकदा बीड, परभणी, हिंगोलीकडून काही तास प्रवास करून आलेला असतो. मे महिन्याचं ऊन, त्यात उपाशीपोटी. असं कोरडं पडलेलं शरीर थोड्याशा एनटीजीनेही कोसळतं. आधी पाण्याची तूट भरून काढा. बीपी पडलंच तर पहिल्यांदा पंप थांबवा, पाय उचला, डॉक्टरांना हाक मारा. औषधाचा असर काही मिनिटांतच उतरतो.

सिस्टोलिक (वरचं बीपी) 90 च्या खाली असेल, उजव्या बाजूचा हार्ट अटॅक किंवा एओर्टिक झडपेचं गंभीर अरुंदपण असेल, तर चालू करू नका. ‘ताकदीची गोळी’ (लैंगिक ताकदीसाठीची, सिल्डेनाफिलसारखी) घेतली का, हे नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. लोक लाजेपोटी सांगत नाहीत. सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास नायट्रेट नाही.

ऑफ-पंप बायपासमध्ये (धडधडत्या हृदयावरच केलेल्या) मागच्या बाजूच्या धमनीला ग्राफ्ट शिवायला हृदय उचललं की बीपी आपोआप उतरतं. तेव्हा एनटीजी आधीच कमी केलेलं बरं. मनगटाची रेडियल धमनी ग्राफ्टला वापरली असेल तर ती सहज आकसते, त्यामुळे अनेक ठिकाणी ऑपरेशननंतर पहिला दिवस एनटीजी किंवा डिल्टियाझेम (धमनी सैल ठेवणारं दुसरं औषध) चालू ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर चढलेलं बीपी टाक्यांवर ताण देतं, तिथेही ते कामाला येतं.

सलग 24 तास चाललं की शरीर सरावतं आणि तोच डोस कमी पडू लागतो. ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन 85 च्या आसपास अडकलं, रक्त चॉकलेटी दिसलं, तर मेथहिमोग्लोबिनचा (ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या हिमोग्लोबिनचा) संशय घ्या. हे क्वचितच होतं, जास्त डोसवर.

बंद करताना एकदम नको, धमनी पुन्हा आकसू शकते. दर 10-15 मिनिटांनी 5 मायक्रोग्रॅम उतरवत या. शेवटी लाइनमध्ये उरलेलं औषध सिरिंजने मागे ओढून काढा, फ्लश करू नका.