समोरचा डोंगर असा का दिसतो हे कसं ओळखायचं: उचल, झीज आणि ग्लेशियर

डोंगर बघताना नजर पहिल्यांदा शिखरावर जाते आणि तिथेच अडकते, पण तो डोंगर कसा बनला हे समजून घ्यायचं असेल तर शिखर सगळ्यात शेवटी बघा. कारण बहुतेक शिखरं कुणी बनवलेली नसतात, ती उरलेली असतात. जमीन खालून वर येते तेव्हा शेकडो किलोमीटरचा अख्खा पट्टा वर येतो, आणि तो येत असतानाच पाणी नि बर्फ त्यात दऱ्या काढत बसतात, मग दोन दऱ्यांच्या मधे जे काढायचं राहिलं त्याला आपण शिखर म्हणतो. (ज्वालामुखीचे डोंगर सोडा, ते वेगळं प्रकरण आहे.) म्हणजे उंची एकाने दिली आणि आकार दुसऱ्याने, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तयारी फार लागत नाही. प्रत्यक्ष जाणार असाल तर दुर्बीण घ्या आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघा, ऊन तिरपं असतं तेव्हा खडकाचे थर, नाळी, बारीक धारा सगळं उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट दिसतं. घरबसल्या करायचं असेल तर गूगल अर्थ पुरेसं आहे, त्यात व्ह्यू तिरका करा आणि दरीच्या तोंडापासून वर वर सरकत जा, डोंगरमाथ्यावरून खाली येऊ नका. एखादी आडवी रेघ मारून दरीचा उंचसखल आलेख काढता येतो तोही काढून बघा, नुसत्या डोळ्याला जे यू (U) आकाराचं वाटतं ते आलेखात बरेचदा व्ही (V) निघतं.

पहिला प्रश्न: ही जमीन वर आली याचा पुरावा कुठे आहे? तो खडकात शोधायचा, आकारात नाही. समुद्राच्या तळाशी गाळ साचतो तो साधारण आडवा साचतो, तेव्हा चुनखडकाचे किंवा शेलचे (चिखल दाबून झालेल्या खडकाचे) थर तुम्हाला तिरपे, उभे किंवा वळ्या पडलेले दिसले की समजा कुणीतरी बाजूने दाबलंय. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक हा चुनखडक आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना, आणि त्यात समुद्री जिवांचे तुकडे सापडतात, म्हणजे आज ८८४८.८६ मीटरवर असलेली जागा एकेकाळी समुद्राचा तळ होती. भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि अजूनही वर्षाला साधारण ४ ते ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय, त्यातलं २ सेंटीमीटरच्या आसपास हिमालयाच्या पट्ट्यात जिरतं. हे सगळं हळूहळूच होतं असंही नाही बरं का. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूच्या आसपासची जमीन काही सेकंदांत जवळपास मीटरभर वर आली आणि उत्तरेकडचा उंच हिमालय थोडा खाली बसला.

पण थर वाकडे नाहीत म्हणजे उचल झालीच नाही असा अर्थ काढू नका. सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवेच आहेत, तिथल्या कड्यांच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या कठीण आणि मऊ थर वेगवेगळ्या वेगाने झिजल्यामुळे, आणि तरी तो कडा उंच उभा आहेच.

उचलीचा दुसरा पुरावा नदी देते. नदीच्या दोन्ही काठांवर उंचावर सपाट पायऱ्या दिसल्या आणि त्यांच्यावर गोल गोटे सापडले तर नदी कधीकाळी त्या पातळीवरून वाहत होती आणि मग ती खाली कापत गेली. अलकनंदेच्या काठी गढवालमधल्या श्रीनगरला अशा पायऱ्या फार सुंदर आहेत. आणि नदी पर्वताला वळसा न घालता सरळ त्याच्या आरपार जाताना दिसली तर थांबा, ही भारी गोष्ट आहे. काली गंडकी ८१६७ मीटरच्या धवलगिरी आणि ८०९१ मीटरच्या अन्नपूर्णेच्या मधून जाते आणि नदीचं पात्र तिथे साधारण २५०० मीटरवर आहे. सिंधू आणि सतलज यांचंही असंच, पर्वत वर येत राहिला आणि नदी त्याच वेळी कापत राहिली, नदी पर्वतापेक्षा जुनी.

आता एक साधा हिशोब करा. जमीन वर्षाला फक्त १ मिलीमीटर वर आली तरी १० लाख वर्षांत १ किलोमीटर होतं, मग ५ कोटी वर्षांत ५० किलोमीटर व्हायला हवं. एवढा उंच पर्वत पृथ्वीवर कुठेच नाही. उरलेला माल गेला कुठे? तो वाहून गेला, बंगालच्या उपसागराच्या तळाशी साधारण ३००० किलोमीटर लांबीचा गाळाचा पसारा पडलाय, त्यातला बहुतेक हिमालयाचा आहे. आणि गंमत म्हणजे वरचा माल गेल्याने पर्वत आणखी वर येतो, कारण डोंगराखालचं कवच जाड असतं (हिमालय-तिबेटखाली ७० किलोमीटरच्या आसपास) आणि ते खालच्या जड थरावर तरंगतंय, जहाजातला माल उतरवला की जहाज वर येतं तसं. सगळीकडून १०० मीटर खडक झिजला तर जमीन साधारण ८० मीटर परत वर येते. आणि झीज फक्त दऱ्यांमधेच झाली तर? शिखरावरून काही गेलं नाही पण वर मात्र तेही आलं, म्हणजे दऱ्या खोल होण्यामुळे शिखर आणखी उंच होऊ शकतं. मला तर या विषयातली ही सगळ्यात जबरदस्त गोष्ट वाटते. कवच असं तरंगतं ही कल्पना १८५५ मधे एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने मांडली, आणि निमित्त होतं प्रॅटने दाखवलेलं एक कोडं, की हिमालयाजवळ ओळंबा पर्वताच्या ओढीने जेवढा सरकायला हवा त्यापेक्षा कमी सरकत होता.

दुसरा प्रश्न: पाण्याने काय केलं? इथे ओळखायला सोपं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. नदी तळ कापते आणि बाजूचे उतार त्यात ढासळत राहतात म्हणून दरी व्ही आकाराची, आणि नदी नागमोडी जात असल्याने दोन्ही बाजूंच्या डोंगरसोंडा एकमेकींत अडकलेल्या दिसतात, दरीत उभं राहून वर बघितलं तर लांबचं काही दिसत नाही. पात्रात रांजणखळगे, गोल गुळगुळीत गोटे, आणि चपटे दगड एकावर एक रेललेले, त्यांची वरची टोकं प्रवाह जातो त्या दिशेला कललेली असतात. उंचावर जिथे रात्री पाणी गोठतं तिथे फटीतलं पाणी बर्फ होताना ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं, त्याचा घसारा कड्याच्या पायथ्याशी साधारण ३० ते ३५ अंशाच्या उतारावर साचतो. घसाऱ्यातले दगड टोकदार, नदीतले गोल, एवढं बघायची सवय लावा, अर्धं काम त्यातच होतं.

तिसरा प्रश्न बर्फाचा, आणि इथे वेळ द्या.

ग्लेशियर म्हणजे नुसता साचलेला बर्फ नाही, तो स्वतःच्या वजनाने वाहतो, आणि दोन कामं करतो: खालचा खडक उपटतो आणि उपटलेले दगड तळाशी धरून पुढचा खडक घासतो. शिवाय नदी फक्त तळाची बारीक रेघ कापते पण ग्लेशियर अख्खी दरी भरून वाहतो, म्हणून तळ आणि बाजू दोन्ही एकदम खरवडल्या जातात आणि दरी यू आकाराची होते. मधे आलेल्या सोंडांची टोकं छाटली जातात, दरी सरळ होते, लांबपर्यंत दिसतं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे लोंबती दरी. मोठा ग्लेशियर खोल खणतो, बाजूचा छोटा कमी खणतो, बर्फ गेला की छोट्या दरीचं तोंड कड्याच्या मधेच उघडं पडतं आणि तिथून धबधबा कोसळतो. स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन बघा, तिथला श्टाउबबाख धबधबा सुमारे ३०० मीटर पडतो.

मग दरीच्या वरच्या टोकाला जा. डोंगराच्या कुशीत तीन बाजूंनी कडे आणि मधे खळगा, बरेचदा त्यात छोटं तळं, ते हिमगव्हर. दोन हिमगव्हरं पाठीला पाठ लावून खणत गेली की मधे सुरीसारखी धार उरते, तीन-चार बाजूंनी खणलं की गिरिशृंग. ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण, पण गंगोत्रीवरचं ६५४३ मीटरचं शिवलिंग शिखरही त्याच पद्धतीने कोरलं गेलंय. म्हणून म्हटलं शिखर शेवटी, आता त्याच्याकडे बघाल तर टोक दिसण्याआधी बाजूचे खळगे दिसतील.

आणखी एक गोष्ट जी नदीला जमत नाही: बर्फ चढावर ढकलला जाऊ शकतो आणि समुद्रसपाटीखाली खणू शकतो. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड (बर्फाने खणलेली, आता समुद्राचं पाणी भरलेली दरी) २०० किलोमीटरपेक्षा लांब आणि आत १३०० मीटर खोल आहे, पण समुद्राकडच्या तोंडाशी उथळ होतो. नदी असं कधीच करणार नाही. त्यामुळे खडकात खणलेली खोल लांबट तळी दरीत दिसली की पहिला संशय बर्फावर घ्या.

पायाखाली पण बघा. उघड्या गुळगुळीत खडकावर समांतर ओरखडे असतील तर बर्फ कोणत्या रेषेत गेला ते कळतं, आणि मेषशिला (बर्फाने घासलेला खडकाचा उंचवटा) सापडली तर दिशाही कळते, बर्फ आला ती बाजू उताराची आणि घासलेली, गेला ती बाजू तुटकी आणि उभी. मोरेन म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेला ढीग, त्यात घराएवढे धोंडे आणि पिठासारखी माती एकत्रच, काही वर्गवारी नाही. बाजूचं मोरेन आजच्या बर्फाच्या खूप वर लटकलेलं दिसलं तर बर्फ तेवढा पातळ झालाय. आणि आसपासच्या खडकाशी काहीच नातं नसलेला एकटा धोंडा दिसला तर तो बर्फाने लांबून आणलेला असू शकतो, कॅनडातल्या अल्बर्टात ओकोटोक्सजवळ असा एक सुमारे १६,५०० टनांचा पडलाय. असे धोंडे आणि ओरखडे बघून स्वित्झर्लंडच्या बान्य दरीतल्या ज्याँ-पिएर पेरोदाँ या शिकाऱ्याने १८१० च्या दशकातच ओळखलं होतं की इथे पूर्वी ग्लेशियर होता, लुई अगासिझ या स्विस शास्त्रज्ञाने हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली ती १८३७ मधे.

आता कुठे फसायला होतं ते. सपाट तळाची दरी दिसली की लोक लगेच ग्लेशियर म्हणतात, पण भूस्खलनाने नदी अडून गाळ साचला तरी तळ सपाट होतो, तेव्हा बाजूचे कडे आणि सोंडांची टोकं बघितल्याशिवाय ठरवू नका. भूस्खलनाचा ढीग मोरेनसारखाच दिसतो, फरक असा की त्याच्या वर डोंगरात तेवढाच ताजा खड्डा सापडतो आणि दगड बहुतेक एकाच जातीचे असतात. ओरखड्यांचंही तेच, फॉल्टवर (जिच्या दोन बाजू सरकतात अशा भेगेवर) खडक एकमेकांवर घासले तरी चकचकीत रेघा पडतात, पण त्या खडकाच्या आत फटीच्या पातळीवर जातात. आणि उत्तर बरेचदा एकच नसतं. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीबद्दल भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी म्हणायचा दरीचा तळच खचला, निसर्गप्रेमी लेखक जॉन म्युर म्हणायचा सगळं बर्फाने केलं. बर्फाच्या बाबतीत म्युर बरोबर होता, पण आधी नदीने दरी कापली होती आणि ग्रॅनाइटमधल्या उभ्या भेगांमुळे कडे इतके सरळ तुटले.

म्हणून शेवटचं काम क्रम लावायचं. जे दुसऱ्याला कापतं ते नवीन. रुंद यूच्या तळात अरुंद व्ही असेल तर आधी बर्फ, मग नदी. सराव करायचा असेल तर गूगल अर्थवर गोमुख शोधा आणि भागीरथीबरोबर खाली या: वरती रुंद यू आणि बाजूला मोरेनच्या धारा, भैरोंघाटीजवळ त्याच रुंद दरीत एकदम खोल अरुंद घळई, हर्सिलला परत रुंद आणि गाळाने भरलेला सपाट तळ, झाला या गावाच्या खाली पुन्हा उभे उतार आणि चिंचोळी दरी. प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ मारून आलेख काढा आणि शेजारी लिहा कुणी केलं, आधी कुणी, नंतर कुणी, आणि कशावरून.

प्रत्यक्ष ट्रेकला गेलात तर हेच सगळं तंबू टाकताना वापरा. मोरेनच्या बांधामागे साचलेलं तळं वर असेल तर खालचा सपाट पट्टा सुरक्षित समजू नका, १७ जून २०१३ ला चोराबारीचं तळं असंच फुटून केदारनाथवर आलं. नाळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला गाळ तंबूला फार सोयीचा वाटतो, पण तो त्याच नाळीतून आलेला असतो आणि पुढचाही तिथूनच येणार, त्यामुळे तिथे जेवायला बसा हवं तर, रात्र काढायला वरच्या जुन्या, झाडं वाढलेल्या पायरीवर जा.