जाटो लिहायचं की राटो? फोटोखाली नाव टाकण्याआधी हे बघा

जुन्या विमानाचा फोटो, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि खाली सगळे सरसकट 'जाटो' लिहून मोकळे. जाटो (जेट-असिस्टेड टेक-ऑफ) काय किंवा राटो (रॉकेट-असिस्टेड टेक-ऑफ) काय, दोन्ही म्हणजे टेक-ऑफच्या वेळी विमानाला जास्तीचा जोर देणारं रॉकेट. थोडं थांबा. आधी ते रॉकेटच आहे ना ते बघा. पुढून हवा आत घ्यायला तोंड असेल तर ते जेट इंजिन, विषय संपला. आपल्या एअरफोर्सच्या सी-११९ पॅकेट या मालवाहू विमानाच्या पाठीवर ऑर्फियस इंजिन बसवलेलं असायचं ना, ते हेच, जास्तीचा जोर मिळावा म्हणून लावलेलं खरंखुरं जेट, त्याला राटो म्हणू नका. पुढून बंद नळकांडं असेल आणि काही सेकंदांत जळून संपणारं असेल तर रॉकेट.

मग देश बघा. अमेरिकन असेल तर जाटोच लिहा, आणि हो, त्यातला 'जे' जेटचाच आहे, वस्तू रॉकेट असली तरी! तेव्हा रॉकेट म्हटलं की शहाणीसुरती माणसं हसायची, म्हणून कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठातल्या फॉन कारमान आणि मलिना या रॉकेट संशोधक मंडळींनी जेट शब्द वापरला, त्यांच्या जेपीएल (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी) या प्रयोगशाळेच्या नावात पण तोच घुसलाय. त्यामुळे जुन्या अमेरिकन कागदात जाटो दिसलं तर खोडून राटो करायचा आगाऊपणा नको. ब्रिटिश नेव्हीचं विमान असेल तर राटोग, शेवटचा ग म्हणजे गिअर.

जर्मन फोटोत मात्र भलेभले फसतात. अराडो २३४ या जेट बॉम्बरच्या पंखाखाली दिसतं ते वाल्टर १०९-५०० रॉकेट, हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारं, काम झालं की सुटून पॅराशूटने खाली यायचं आणि परत वापरायचे. १०९ बघून लोक थेट मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानावर उडी मारतात, पण हा आकडा तिकडच्या हवाई मंत्रालयाने सगळ्याच जेट आणि रॉकेट इंजिनांना लावलेला, युमो ००४ या जेट इंजिनाचं पूर्ण नाव पण १०९-००४ च आहे. ५०० मात्र लक्षात ठेवायला सोपं, कारण जोर पण साधारण ५०० किलोचाच होता.

अमेरिकन बॉटलचं (जाटो रॉकेटच्या नळकांड्याचं) मॉडेल माहीत असेल तर तेही टाका, कारण नावातच सगळं असतं. १५-केएस-१००० म्हणजे १५ सेकंद जळणार, १००० पाउंड जोर देणार, मधली अक्षरं इंधनाच्या प्रकाराची. ब्लू एंजल्स या अमेरिकन नौदलाच्या हवाई कसरती करणाऱ्या पथकाचं सी-१३० मालवाहू विमान 'फॅट अल्बर्ट' अशा ८ बॉटल लावून उडायचं, २००९ पर्यंत. म्हणजे एकूण ८००० पाउंड, हिशोब तुमच्यासमोर आहे.

वर्ष पण तपासा. ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मार्च फील्ड विमानतळावर एरकूप या छोट्या विमानावर जाटोची चाचणी झाली, त्या फोटोखाली 'एरोजेटचं जाटो' लिहिलेलं असेल तर चूक, एरोजेट ही रॉकेट बनवणारी कंपनीच १९४२ ची आहे. आणि एफ-१०० हे लढाऊ विमान ट्रेलरवरून, रनवे न वापरता सुटताना दिसलं तर ती मदत वगैरे नाही, मुख्य भार त्या एका मोठ्या बूस्टर रॉकेटवरच, तिथे 'झीरो-लेंथ लाँच' लिहा.