अंतर कुणाचं? तोफखान्यात जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरांसाठी

खानापूर-निपाणीकडं फौज म्हटली की मराठा लाईट इन्फंट्री. सेंटरच बेळगावात, त्यामुळं साहजिक आहे. माझं नाव आर्टिलरीत लागलं तेव्हा सल्ला विचारायला गावात कुणी नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला जाताना डोक्यात १९९९ च्या कारगिलची बोफोर्स असते. बचावातलं काम वेगळं. शत्रू कुठं जमेल, आपल्या सुरुंगांपुढं कुठं अडकेल, त्या जागांचे आकडे आधीच काढून ठेवतात. हे डीएफ, म्हणजे डिफेन्सिव्ह फायर, बचावाचा मारा. सगळ्यात धोक्याच्या वाटेवरचा तो डीएफ एसओएस. दुसरं काम नसलं की तोफा त्याच्यावरच रोखलेल्या. तोफांचा ताबाही शक्यतो वरच्या अधिकाऱ्याकडं, एका हातात. तरच रेजिमेंटच्या १८ तोफा एका जागी वळतात. हे शिकवतात, समजतं.

मी अडकलो मिलमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या मापात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. १ किलोमीटरवर १ मिल म्हणजे साधारण १ मीटर. सरावात ओपीवरून, म्हणजे गोळा कुठं पडतो ते बघायच्या जागेवरून, गोळा लक्ष्याच्या ४० मिल डावीकडं दिसला. लक्ष्य माझ्यापासून ३ किलोमीटर, तोफांपासून ९. मी ४० ला ९ नं गुणलं आणि "उजवीकडं ३६०" म्हणालो. शिकवणाऱ्या उस्तादांनी हातातून रेडिओ सेट काढून घेतला. कोन मोजला माझ्या डोळ्यानं, मग अंतरही माझंच धरायचं: ४० गुणिले ३, म्हणजे १२०. तोफांच्या बाजूनं काय बदलायचं ते कमांड पोस्ट बघतं. परत सांगतो, ओपीचं अंतर. तोफेचं नाही. डीएफ आपल्याच खंदकांपासून काहीशे मीटरवर असतो. २४० मीटर चुकलात तर गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो.

हे सूत्र मी एका सीनियरच्या वहीतून उतरवलं होतं. त्यात "अंतर" एवढंच लिहिलेलं. उतरवलेल्या वह्या जाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. ओरडणारा उस्ताद परवडला.

गणित कच्चं म्हणून मात्र घाबरू नका. दहावीला मला ४२ होते. लागतो तो नुसता गुणाकार, पण थंडीत, झोप नसताना, बिनचूक.

भरतीआधी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढा. हात पूर्ण लांब करून एक बोट धरा, ते साधारण ३० मिल झाकतं. खालची दोन झाडं बरोबर त्याच्या दोन कडांना आली आणि तुमच्या अंदाजानं ती २ किलोमीटरवर असली, तर त्यांच्यात ६० मीटर हवेत. मग खाली जाऊन पावलांनी मोजा. फरक आला तर बहुतेक अंतराचाच अंदाज चुकलेला असतो. पुन्हा वर चढा.