अकरा इंची लॅपटॉपवर लिनक्स टाकताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. तेव्हापासून सांगलीत माझ्याकडे येणारे बरेचसे लॅपटॉप एकाच साच्याचे असतात. अकरा इंची पडदा, दोन जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि ॲटम प्रोसेसर. विंडोज ११ त्यांच्यावर चालत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून कोणीतरी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, सुचवतं. सल्ला चांगला आहे. घोटाळा होतो तो घाईत.

तासगावचा एक मुलगा वडिलांचा असाच लॅपटॉप घेऊन आला होता. वडील द्राक्षबागायतदार. तीन हंगामांचा बेदाण्याचा हिशोब, आडत्यांच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्यांचे फोटो, सगळं त्यातच होतं. पोराने इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला. ‘डी ड्राइव्हला धक्का लागणार नाही असं वाटलं,’ म्हणाला. डी ड्राइव्ह ही सहसा वेगळी डिस्क नसते, त्याच डिस्कचा एक कप्पा असतो. या छोट्या लॅपटॉपमध्ये तर डिस्क म्हणजे बोर्डावर चिकटवलेली ईएमएमसी चिप. तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फार कमी. म्हणून पहिलं काम बॅकअपचं, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायचा. नुसतं ‘कॉपी झालं’ यावर विसंबू नका.

याच चिपमुळे दुसरी चूक होते. लिनक्समध्ये नेहमीच्या डिस्कचं नाव ‘एसडीए’ असं दिसतं, पण ईएमएमसीचं नाव ‘एमएमसीबीएलके’ने सुरू होतं. त्यामुळे अशा लॅपटॉपवर ‘एसडीए’ म्हणजे बहुतेक वेळा ज्यावरून लिनक्स टाकताय तो तुमचा पेनड्राइव्ह. लोक व्हिडिओ बघून ‘एसडीए’ निवडतात आणि बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर जाऊन बसतो. मग पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप सुरूच होत नाही. नावाकडे बघू नका, आकार बघा. २९ जीबीच्या आसपासची ती आतली चिप, १४ जीबीच्या आसपासचा तो तुमचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह. दोन्ही सारख्याच आकाराचे असतील तर सरळ दुसरा पेनड्राइव्ह घ्या.

३२ जीबीत विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवायचा हट्टही सोडा. मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज १० ला एकट्यालाच किमान ३२ जीबी लागतात, असं मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे. दोघांना एका खोलीत कोंबलं की दोघांचेही अपडेट अडकतात. डिस्क मोठी असेल तर जरूर ठेवा, पण आधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग लिनक्समधून फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेल्या सिस्टिमला परवानगी देणारी सेटिंग, बदललं की तीच विचारली जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण आता सांगतो. पेनड्राइव्ह नीट बनवलाय, दुसऱ्या लॅपटॉपवर चालतोय, पण या लॅपटॉपच्या बूट मेनूत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीत, दिसतच नाही. लोक पेनड्राइव्हला दोष देतात, पुन्हा पुन्हा बनवतात. २०१४-१५ च्या सुमाराच्या बऱ्याच ॲटम लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि यूईएफआय, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली, मात्र ३२ बिटची. तिला ‘बूट-आयए३२’ नावाची फाइल लागते. बऱ्याच डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या, पेनड्राइव्हवर फक्त ‘बूट-एक्स६४’ असते. ओळखायचं सोपं आहे. पेनड्राइव्ह चालू कॉम्प्युटरला लावा, ‘ईएफआय’ फोल्डरमधलं ‘बूट’ फोल्डर उघडा आणि ३२ बिटची ती फाइल आहे का बघा. डेबियन १२ या डिस्ट्रोच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये ती असते, म्हणून अशा लॅपटॉपसाठी मी डेबियनच घेतो. फाइल नसेल तर पेनड्राइव्ह दहादा बनवूनही काही होणार नाही.

डिस्ट्रोची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफस किंवा एचरसारख्या साधनानेच ती लिहावी लागते. डाउनलोड अर्धवट राहिला नाही ना, हे चेकसम, म्हणजे डाउनलोडच्या पानावर दिलेली फाइलची ओळख-खूण, जुळवून बघा.

डिस्ट्रो निवडताना स्क्रीनशॉट बघून भुलू नका. दोन जीबी रॅमवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्या. लिनक्स मिंटची किमान अट दोन जीबीचीच आहे, पण किमान म्हणजे कसंबसं. झेडरॅम चालू केलं तर रॅममधलाच मजकूर दाबून ठेवला जातो आणि यंत्र जरा मोकळं वाटतं. तरीही ब्राउझरचे दहा टॅब ते झेपवणार नाही. घरच्यांना हे आधीच सांगा. ‘लिनक्स टाकलं की नव्यासारखा होतो’ असं सांगून दिलेला लॅपटॉप महिन्याभरात पुन्हा कपाटात जातो.

१०२४ बाय ६०० पिक्सेल पडद्याच्या जुन्या नेटबुकवर इन्स्टॉलरचं ‘पुढे’ बटण पडद्याच्या खाली जातं. एक्सएफसीईत ऑल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. एवढ्यावरून अर्ध्यात सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. लगेच नेट मिळतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. उबुंटू किंवा मिंटमध्ये सिक्युअर बूट चालू ठेवून असा ड्रायव्हर टाकलात तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतात आणि वायफाय काही चालू होत नाही.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या असतील तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं. पण तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर बोर्डावरचा सेल संपलाय. तो बदलेपर्यंत ना वेबसाइट नीट उघडतील, ना अपडेट होतील.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी लावा. शिफ्ट-एन वर ‘ळ’ आणि शिफ्ट-जे वर ‘ऱ’ आहे. ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांचा’ नीट उमटायला तो नुक्त्याचा ‘ऱ’च लागतो.

आता त्या तासगावच्या हिशोबाबद्दल. वडिलांनी मार्चमध्ये करसल्लागाराला ईमेलवर फाइल पाठवली होती, ती सापडली. लिबरऑफिसमध्ये उघडली तर आकडे बरोबर आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा. फाइल खराब नव्हती. ती युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि तो फॉन्ट पुसलेल्या विंडोजबरोबर गेला होता. करसल्लागाराच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट होता. तिथे फाइल उघडून तिची पीडीएफ करून आणली, तेव्हा आडत्यांची नावं वाचता आली. पावत्यांचे फोटो मात्र गेलेच. तुमच्या घरी अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील, तर विंडोज चालू आहे तोवरच त्यांची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा.