घरी आजारी माणूस असलेले विद्यार्थी आणि सहकारी : कॉलेजात होणाऱ्या या चुका टाळा

दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी हमखास गैरहजर असायचा. सत्र संपत आलं, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये त्याचं नाव लागलं. मी बोलावून विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, पप्पांचं डायलिसिस असतं." आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. वडिलांना एसटीने तालुक्याहून आणायचं, मशीन संपेपर्यंत बाहेर बसायचं, सुई काढली की हातावर बोळा दाबून धरायचा, रक्त थांबलं की परत घरी न्यायचं. "अरे, आधी का नाही सांगितलंस?" असं मी विचारलं खरं. पण तीन वार दोन महिने माझ्याच हजेरीपटावर ओळीने दिसत होते. मी ते वाचले नव्हते.

तेव्हापासून मेंटॉर म्हणून काम करताना जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

चूक पहिली : त्यांनी येऊन सांगण्याची वाट पाहणं

"मी काळजीवाहक आहे" असं कुणी म्हणत नाही. "घरी जरा अडचण आहे" एवढंच म्हणतात. आजीला अंघोळ घालणं, मतिमंद भावाला शाळेत सोडून येणं, अर्धांगवायू झालेल्या आईला कुशीवर वळवणं, ही त्यांच्या लेखी घरची कामं असतात आणि घरची कामं कॉलेजात सांगायची नसतात. प्रवेश अर्जात आपण उत्पन्न, प्रवर्ग, रक्तगट सगळं विचारतो, हे विचारायला रकाना नसतो.

म्हणून आपणच विचारायचं. पण "काही प्रॉब्लेम आहे का?" असं नको, त्याला "नाही सर" हेच उत्तर येतं. "सकाळी घरातून निघण्याआधी कुणाचं काही करावं लागतं का?" "दवाखान्यात कुणाबरोबर जातोस?" असे साधे प्रश्न विचारले की मुलं बोलतात. आणि हजेरीपट टक्क्यांबरोबर वारानुसारही वाचा. नेमके तेच वार, किंवा रोज पहिलाच तास बुडत असेल तर लिस्ट लावण्याआधी एकदा बोला.

मुलांनाही विचारा, फक्त मुलींना नको. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या, घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ७४ मिनिटं. मुलींवरचा भार जवळपास दुप्पट आहे हे खरंच. पण सव्वा तास देणारा मुलगाही आपल्या वर्गात बसलेला असतो आणि तो मुलीपेक्षाही कमी बोलतो.

चूक दुसरी : दर वेळी सर्टिफिकेट मागणं

हजेरीत सवलत मिळते ती बहुतेक स्वतःच्या आजारपणाला, किंवा एनएसएस-एनसीसीच्या शिबिरांना. आजारी वडील असतात, कागदही वडिलांच्या नावाचा असतो, आणि आपण मुलाकडे त्याच्या नावाचं मेडिकल मागतो. मग तो ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःला ताप आल्याचं लिहून आणतो. खरं सांगणाऱ्या मुलाला आपणच खोटं बोलायला लावतो, हे मला फार लागतं.

डायलिसिसचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड किंवा घरातल्या माणसाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सत्रात एकदाच पाहा आणि परत द्या. झेरॉक्स फायलीला लावायची गरज नाही. आजार कोणता हे ऑफिसमधल्या पाच जणांना कळायचं कारण नाही.

चूक तिसरी : "करू अ‍ॅडजस्ट"

ही चूक चांगली माणसं करतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. विभागप्रमुख मॅडम मायाळू असतात, तोंडी सांगतात, "ये तू उशिरा, मी बघते." पुढच्या सत्रात मॅडमची जबाबदारी बदलते. नवे सर नियमाने चालतात, आणि त्या विद्यार्थिनीला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. दुसऱ्यांदा ती सांगत नाही. सरळ यायचं बंद करते.

आजारपण एका दिवसाचं असेल तर तोंडी सवलत पुरते. इथे मात्र काळजीचं वेळापत्रक महिनोन् महिने चालणारं असतं, आणि वेळापत्रकाला उत्तर वेळापत्रकानेच द्यावं लागतं. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत यासाठी 'केअरर पासपोर्ट' असतो : काय सवलत ठरली ते एकदा लिहायचं, पुढच्या माणसाला तोच कागद दाखवायचा. आपल्याकडे साधं एक पान पुरेल. कोणते वार अडतात, प्रॅक्टिकलची कोणती बॅच दिली, अंतर्गत परीक्षा चुकली तर पुन्हा कधी घ्यायची, फोन चालू ठेवायची परवानगी, प्राचार्यांची सही. आजाराचं नाव नको.

संलग्न कॉलेजला विद्यापीठाच्या लेखी परीक्षेची तारीख बदलता येत नाही, ते खोटं आश्वासन देऊ नका. बॅच, अंतर्गत मूल्यमापन, जर्नल जमा करण्याची मुदत एवढं मात्र आपल्या हातात असतं आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. "मग आम्हालाही द्या" असं इतर विद्यार्थी म्हणतातच. त्यांना नियम दाखवा, त्या मुलाची गोष्ट सांगू नका.

पीएच.डी. करणाऱ्यांच्या बाबतीत

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. अनेक जणींना ती माहीतच नसते, कारण गाइड सांगत नाहीत. आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करणाऱ्या मुलाला यातल्या पुनर्नोंदणीखेरीज काही लागू पडत नाही. त्याने दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडताना अडचण तोंडी न सांगता इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. पुढे मुदतवाढ मागताना तीच नोंद उपयोगी पडते.

सहकाऱ्यांना विसरू नका

"रजा आहेत की!" हे उत्तर अर्धवट आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये दिलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा मुलांसाठी आहे. सासूबाईंना स्मृतिभ्रंश असेल तर ती चालत नाही, तिथे किरकोळ आणि अर्जित रजाच संपवावी लागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर तेही नाही, तास बुडला की मानधन बुडालं. त्यांना तास अदलाबदल करायची आणि मागाहून भरून काढायची मुभा लेखी द्या. साडेसातचा पहिला तास, पाचनंतरची नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) मीटिंग, बाहेरगावच्या कॅप सेंटरची (उत्तरपत्रिका तपासणी केंद्राची) ड्युटी, या तीन गोष्टी लावण्याआधी विचारा. प्रयोगशाळा सहायक आणि शिपाईमामांनाही विचारा. हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावायला दहा मिनिटं उशीर झाला तर त्यामागे कधीकधी अंथरुणातलं माणूस असतं.

आणि तरीही कुणी कॉलेज सोडायला आलं तर

टीसीच्या अर्जावर सही करण्याआधी अर्धा तास बसवून घ्या. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधली, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात जमा झालेली, क्रेडिट्स (श्रेयांक) सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका मिळण्याची सोय आहे. पण त्यासाठी खातं उघडलेलं, क्रेडिट्स त्यात चढलेली आणि बाहेर पडणं रीतसर नोंदवलेलं असावं लागतं. नुसतं यायचं बंद केलं तर यातलं काहीच होत नाही. त्याच्यासमोर संगणकावर खातं उघडून क्रेडिट्स दिसतात का ते पाहा, स्क्रीनचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवा आणि परत येताना कुणाला भेटायचं ते नाव कागदावर लिहून द्या.