रात्रीचा फॉर्म, सकाळचा फळा

गणित शिकवायला नुकती सुरुवात केली असेल, तर गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा तुमच्या टेबलावरही असेलच. मी सांगोल्याकडच्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. सरावसंच दिला की चार-पाच वह्या अस्सल आणि बाकीच्या त्यांच्या नकला, हे पहिल्या सहामाहीतच कळलं होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. वह्या तपासून होईपर्यंत धडा पुढे सरकलेला असायचा. कोण कुठे अडलंय ते कळायचं, पण आठवडा उलटल्यावर.

म्हणून गूगल फॉर्म सुरू केला आणि पहिल्याच वेळी फसले. हौसेनं वीस प्रश्न घातले, भरल्याबरोबर गुण आणि उत्तरं दिसतील अशी सोय ठेवली. एकानं भरला, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरला आणि मग ज्याला त्याला वीसपैकी वीस. फक्त एका रिकाम्या जागेनं घोटाळा केला. तिथं बरोबर उत्तर म्हणून मी मराठीत २५ टाकलं होतं. सेमी इंग्रजीच्या मुलांनी इंग्रजी आकड्यांत लिहिलं आणि त्यांचं चूक ठरलं. फॉर्मच्या लेखी ते दोन पंचवीस वेगळे!

आता तीनच प्रश्न देते, गुण नाहीत. दोन प्रश्न पर्यायांचे आणि तिसरा, 'कसं काढलंस ते एका ओळीत सांग.' टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून मराठीत बोलायचं. वर्ग, मूळ अशी चिन्हं फॉर्ममध्ये धड उमटत नाहीत. त्यावर वेळ घालवू नका. प्रश्न कागदावर नीट लिहा आणि त्याचा फोटो टाका.

सगळी मेहनत चुकीच्या पर्यायांत आहे. ते मनानं रचू नका, जुन्या वह्यांतून उचला. आठवीच्या विस्तारसूत्रांत (क्ष + ५)² चे माझे पर्याय असे: क्ष² + २५, क्ष² + ५क्ष + २५, क्ष² + १०क्ष + १०, आणि बरोबर उत्तर क्ष² + १०क्ष + २५. पहिला निवडणारा मधलं पद विसरलाय, दुसरा ते दुप्पट करायला विसरलाय, तिसऱ्यानं पाचाचा वर्ग करायच्या ऐवजी दुप्पट केली. तिघांनाही 'चूक' असा एकच शेरा मारला, तर हा फरक दिसतच नाही.

सकाळी शाळेत निघताना चहा घेत मी प्रतिसादांचा गोषवारा उघडते. प्रत्येक प्रश्नाचा वृत्तालेख तयार असतो. त्या दिवशी पहिल्या पर्यायाची फाक सगळ्यांत मोठी होती. योजलेला पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर फक्त 'क्ष = १' लिहिलं. डावीकडे सहाचा वर्ग ३६, उजवीकडे १ + २५ म्हणजे २६. मग हे दहा गेले कुठे? बाजू क्ष + ५ असलेला पुठ्ठ्याचा चौरस कापून दोन चौरस बाजूला काढले. उरलेले दोन आयत मुलांनीच उचलून दाखवले. तासाची पहिली दहा मिनिटं अशी जातात आणि फॉर्म मी तेवढ्यासाठीच देते. वर्गात पुन्हा उघडायचा नसेल तर तो मुलांच्या डोक्याला आणखी एक ताप होतो.

भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारं ॲप हाताशी ठेवा, फुकट आहे. शिरोलंबांच्या धड्याआधी मी त्रिकोणाची लिंक देते आणि सांगते, शिरोबिंदू ओढत जा, शिरोलंबसंपात बिंदू (तिन्ही शिरोलंब मिळतात तो) त्रिकोणाबाहेर कधी पळतो ते वहीत लिही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गुण्या घेऊन विशालकोन त्रिकोण काढला की 'बाई, तो बाहेर जाणार!' असा ओरडा होतो. आकृती मात्र प्रत्येकानं हातानंच काढायची, यात सूट नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही आहेत, पण नुसतं 'बघून या' म्हटलं तर कोणी बघत नाही. सोबत एक प्रश्न द्या.

मोबाईल बहुतेक घरी वडिलांचा असतो आणि वडील आठनंतर घरी येतात. संध्याकाळी सहाची मुदत घालून मी महिनाभर मुलांना उगाच बोलले, मग एका पालकांनीच समजावलं, 'बाई, फोन माझ्याबरोबर डाळिंबाच्या बागेत असतो.' तेव्हापासून फॉर्म सकाळी सातपर्यंत उघडा असतो. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी तेच तीन प्रश्न शाळा सुटताना फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. ती मुलं सकाळी चिठ्ठी आणतात आणि मी फळ्यापाशी जाण्याआधी वाचते. गंमत म्हणजे, सगळ्यात मोकळी कारणं चिठ्ठ्यांतच सापडतात. पुठ्ठ्याच्या तासानंतरच्या एका चिठ्ठीत तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'काल मधले दोन तुकडे टाकून दिले होते, आज मोजले.' पुढच्या वर्षीच्या पर्यायांसाठी ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.